मुदत संपलेल्या लिनक्ससाठी पैसे भरून सुरक्षा अपडेट घेताना

लिनक्सच्या एखाद्या आवृत्तीची मुदत संपते त्या दिवशी काहीच घडत नाही. सर्व्हर चालूच राहतो, वेबसाइट उघडते, डेटाबेस उत्तरं देतो. अपडेटची कमांड चालवली की 'नवीन काही नाही' असं उत्तर येतं आणि ते वाचून बरंच वाटतं. आदल्या दिवसापर्यंत त्या उत्तराचा अर्थ 'सगळं दुरुस्त आहे' असा होता. आता त्याचा अर्थ 'दुरुस्त करणारं कुणी उरलेलं नाही' असा झालेला असतो, आणि स्क्रीनवर दोन्ही दिवशी अक्षरं तीच दिसतात.

यावरचा खरा उपाय नवीन आवृत्तीवर जाणं हाच. पण एखादं जुनं सॉफ्टवेअर नवीन आवृत्तीवर चालत नाही, ते लिहिणारे सोडून गेलेले असतात, किंवा सर्व्हर इतके असतात की सगळे हलवायला वर्ष लागणार असतं. अशा वेळी पैसे भरून वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात. लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार रूपांना डिस्ट्रिब्यूशन म्हणतात आणि प्रत्येकात या सेवेचं नाव निराळं आहे. उबुंटूमध्ये याला ईएसएम म्हणतात आणि ते उबुंटू प्रो या सबस्क्रिप्शनमधून मिळतं. रेड हॅटमध्ये ईएलएस, सुसेमध्ये एलटीएसएस आणि डेबियनसाठी फ्रीक्सियन ही कंपनी देते ते ईएलटीएस. हे सगळं विकत घेणं सोपं आहे. पैसे भरूनही मशीन उघडी राहू शकते, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितो आहे.

पैसे नेमके कशाचे

एखादी त्रुटी सापडली की मूळ लेखक ती ताज्या आवृत्तीत दुरुस्त करतात आणि पुढे जातात. पायथन २.७चं काम १ जानेवारी २०२०ला थांबलं. जोडण्या कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीच्या १.१.१ आवृत्तीचं सार्वजनिक काम ११ सप्टेंबर २०२३ला थांबलं. पण उबुंटू २०.०४ ओपनएसएसएल १.१.१वरच उभं आहे आणि सेंटओएस ७ (रेड हॅट ७चं फुकट रूप) यातलं यम हे सॉफ्टवेअर बसवणारं साधन पायथन २.७शिवाय चालतच नाही. मग नवीन कोडसाठी लिहिलेली दुरुस्ती कुणीतरी समजून घ्यायची, जुन्या कोडमध्ये बसवायची आणि बाकीचं काही मोडत नाही ना ते तपासायचं. याला बॅकपोर्ट म्हणतात. हे कौशल्याचं आणि कंटाळवाणं काम आहे. फुकट करायला सहसा कुणी पुढे येत नाही. आपण पैसे देतो ते या श्रमाचे.

जानेवारी २०२२चं उदाहरण घ्या. पीकेएक्झेक नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये मोठी त्रुटी सापडली. तिला पॉनकिट (PwnKit) असं नाव पडलं. ती २००९पासून तिथेच होती आणि तिचा वापर करून मशीनवरचा कुठलाही साधा वापरकर्ता थेट रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होऊ शकत होता. उबुंटू १६.०४ची फुकट मुदत ९ महिन्यांपूर्वी, एप्रिल २०२१मध्ये संपली होती. ज्यांच्याकडे ईएसएम होतं त्यांना दुरुस्त पॅकेज मिळालं. बाकीच्यांना त्या प्रोग्रॅमची खास परवानगी हाताने काढून टाकावी लागली, तीही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली असेल तर.

उलट उदाहरणही सांगायला हवं. सेंटओएस ७ची मुदत ३० जून २०२४ला संपली आणि दुसऱ्याच दिवशी ओपनएसएसएच या दुरून लॉगिन करायच्या सॉफ्टवेअरमधली रिग्रेएसएसएच ही त्रुटी जाहीर झाली. अनेकांच्या पोटात गोळा आला. पण सेंटओएस ७मध्ये ओपनएसएसएच ७.४ होतं आणि ती त्रुटी ८.५मध्ये शिरलेली, त्यामुळे त्या मशीन वाचल्या. जुनं सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी सापडतंच असं नाही. मात्र त्या दिवशी त्या मशीनना कुणी सांभाळलं नव्हतं, नशिबाने हात दिला होता.

पहिलं काम: मशीनवर काय आहे ते मोजा

किंमत विचारण्याआधी ही मोजणी करा. प्रत्येक मशीनवर ईटीसी फोल्डरमधली ओएस-रिलीज ही फाइल उघडून नेमकी आवृत्ती लिहून घ्या. 'उबुंटू आहे' एवढ्याने काम भागत नाही, १८.०४ की २०.०४, रेड हॅट ७ की ७.९, हे हवं. रेड हॅट ७चं ईएलएस फक्त शेवटच्या उपआवृत्तीवर, म्हणजे ७.९वर मिळतं. ७.६वर अडकलेल्या मशीनला आधी ७.९वर यावं लागतं, आणि तिथेच कधीकधी आठवडा जातो.

मग प्रत्येक पॅकेज (बसवलेला सॉफ्टवेअरचा संच) कुठल्या रिपॉझिटरीतून, म्हणजे कुठल्या ऑनलाइन कोठारातून, आलं आहे ते पाहा. सगळ्या लेखातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उबुंटूमध्ये 'प्रो सिक्युरिटी-स्टेटस' ही कमांड हा हिशेब मांडून देते: उबुंटूकडून सांभाळल्या जाणाऱ्या मेन भागातली किती, स्वयंसेवकांच्या युनिव्हर्स भागातली किती, बाहेरच्या रिपॉझिटरीतून आलेली किती आणि कुठल्याच रिपॉझिटरीत न सापडणारी किती. ही कमांड सबस्क्रिप्शन नसतानाही चालते, त्यामुळे खरेदीआधीच चालवून ठेवा. डेबियनमध्ये डेबियन-सिक्युरिटी-सपोर्ट हे पॅकेज बसवलं की ज्यांचा सांभाळ थांबला आहे किंवा मर्यादित आहे अशा पॅकेजची यादी मिळते. रेड हॅटच्या कुळात यमकडून बसवलेल्या पॅकेजची यादी मागितली की शेजारी रिपॉझिटरीचं नाव येतं.

बाहेरून आलेल्या पॅकेजचा आकडा वाचताना थांबा. सबस्क्रिप्शन डिस्ट्रिब्यूशनच्या स्वतःच्या पॅकेजपुरतं असतं. पीपीए या बाहेरच्या लोकांच्या रिपॉझिटरीतून घेतलेलं पीएचपी, एपेल या रेड हॅटच्या कुळासाठीच्या जादा रिपॉझिटरीतून घेतलेली साधनं, कंपनीच्या साइटवरून उतरवलेला डेटाबेस, हाताने कंपाइल केलेलं काहीही, पायथनच्या पिप किंवा जावास्क्रिप्टच्या एनपीएम या साधनाने आणलेल्या लायब्ररी, यातलं काहीही त्यात बसत नाही. एपेल ७ तर सेंटओएस ७बरोबर त्याच दिवशी, ३० जून २०२४ला, संपलं. ज्या मशीनवर इंटरनेटला तोंड देणारा मुख्य प्रोग्रॅमच बाहेरून आलेला आहे, तिथे वाढीव अपडेट विकत घेणं म्हणजे खिडकी उघडी ठेवून दाराला महागडं कुलूप लावणं. तो पैसा स्थलांतरावर खर्च करा असंच मी सांगेन.

कंटेनर, म्हणजे मशीनच्या आत वेगळ्या डब्यात चालणारे प्रोग्रॅम, विसरू नका. होस्ट, म्हणजे बाहेरची मशीन, नवा असला तरी आतली इमेज, म्हणजे त्या डब्याचा साचा, उबुंटू १८.०४ची असेल तर आतली ओपनएसएसएल जुनीच. इमेज बनवतानाच वाढीव रिपॉझिटरी वापरावी लागते, आणि त्या वेळी टोकन, म्हणजे सबस्क्रिप्शनची किल्ली, इमेजच्या थरात राहून जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. टोकन बिल्ड-सिक्रेट म्हणूनच द्या, म्हणजे ते बनवताना वापरलं जातं पण इमेजमध्ये उरत नाही.

तारखा

उबुंटूच्या एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, आवृत्तीला ५ वर्षं फुकट सुरक्षा अपडेट मिळतात, तीही मेन या भागाला. युनिव्हर्समधल्या हजारो पॅकेजचा सांभाळ या ५ वर्षांतही जमेल तसा, स्वयंसेवकांच्या भरवशावर होतो. हे अनेक अनुभवी लोकांनाही माहीत नसतं. प्रो घेतलं की मेन आणि युनिव्हर्स दोन्हींना १० वर्षं मिळतात. त्यावर लेगसी नावाची जोड आहे. २०२४मध्ये तिने एकूण मुदत १२ वर्षांवर नेली आणि नोव्हेंबर २०२५मध्ये ती १५ वर्षं झाली. १८.०४ची फुकट मुदत ३१ मे २०२३ला संपली, २०.०४ची ३१ मे २०२५ला.

डेबियनचं गणित वेगळं आहे. पहिली ३ वर्षं सुरक्षा गट बघतो, मग एलटीएस गट ५ वर्षांपर्यंत नेतो आणि तेवढं सगळं फुकट असतं. त्यापुढे १० वर्षांपर्यंत ईएलटीएस. त्याची रिपॉझिटरी सगळ्यांना खुली आहे, पण पैसे देणाऱ्या ग्राहकांनी जी पॅकेज यादीत दिली आहेत तेवढीच दुरुस्त होतात. रिपॉझिटरी जोडली आणि अपडेट आली म्हणून आपलं भागलं असं समजू नका. आपलं पॅकेज दुसऱ्या कुणाच्या यादीत असेल तर आपल्याला लाभ होतो, नसेल तर ते पॅकेज तसंच राहतं.

रेड हॅटच्या मोठ्या आवृत्त्या १० वर्षं चालतात आणि त्यापुढे ईएलएस ही जोड घ्यावी लागते. सेंटओएस ७ला मूळ प्रकल्पाकडून पुढचं काहीच नाही. टक्सकेअरसारख्या तिसऱ्या कंपनीकडून अपडेट घ्यायची किंवा मशीन रेड हॅटमध्ये बदलून ईएलएस घ्यायचं, हे मार्ग उरतात. सेंटओएस ८ तर २०२९पर्यंत चालेल अशा समजुतीने लोकांनी बसवलं आणि ते ३१ डिसेंबर २०२१ला बंद झालं. म्हणून तारीख एकदा लिहून विसरू नका, दर सहा महिन्यांनी पुन्हा बघा.

करार वाचताना

सुरक्षा अपडेट आणि वापरकर्ता-साहाय्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या विकल्या जातात. नुसत्या उबुंटू प्रोमध्ये पॅच, म्हणजे दुरुस्त्या, मिळतात. फोन किंवा तिकीट यांचं साहाय्य हवं तर त्याचा वेगळा स्तर घ्यावा लागतो. रेड हॅटमध्ये सेल्फ-सपोर्ट, स्टँडर्ड आणि प्रीमियम असे स्तर आहेत. स्टँडर्ड कामाच्या वेळेत, प्रीमियममध्ये गंभीर तक्रारी चोवीस तास घेतल्या जातात. सर्व्हर रात्री पडला तर तुमच्याकडे उठून बघणारं कुणी आहे का? नसेल तर चोवीस तासांचं साहाय्य घेऊनही उपयोग नाही, कारण समोरचा माणूस 'ही कमांड चालवा' म्हणेल आणि चालवायला कुणीच नसेल.

करारातल्या 'प्रतिसादाचा वेळ' या शब्दाकडे नीट पाहा. एक तासात प्रतिसाद म्हणजे एक तासात माणूस तुमच्याशी बोलेल. एक तासात प्रश्न सुटेल असा त्याचा अर्थ होत नाही.

कुठल्या दर्जाच्या त्रुटी दुरुस्त होतील तेही विचारा. वाढीव मुदतीत सहसा गंभीर आणि अतिगंभीर त्रुटींनाच हात लागतो. मध्यम दर्जाच्या निवडक. तुमच्यावर 'मध्यम त्रुटीही ९० दिवसांत दुरुस्त हव्यात' असा ऑडिटचा नियम असेल तर सबस्क्रिप्शन घेऊनही तुम्ही त्यात नापास होऊ शकता. हे ऑडिटरशी आधी बोला, लेखी बोला.

मोजणीचं एकक प्रत्येकाचं निराळं आहे: कुठे मशीनमागे, कुठे प्रोसेसरच्या सॉकेटच्या जोडीमागे, फ्रीक्सियनकडे तुम्ही दिलेल्या पॅकेजच्या यादीनुसार. आभासी मशीन बऱ्याच असतील तर भौतिक होस्टवर घेतलेलं सबस्क्रिप्शन आतल्या सगळ्यांना पुरतं का, हा प्रश्न नक्की विचारा. त्याने खर्चात फार फरक पडतो. आणि मशीन पाचपर्यंत असतील तर उबुंटू प्रो फुकट मिळतं, वैयक्तिक वापरासाठी आणि छोट्या व्यवसायासाठीही. एवढ्यासाठी तरी ते आजच जोडून टाका.

जोडणी आणि पहिली अपडेट

उबुंटूमध्ये खात्यातून टोकन घ्यायचं, टर्मिनलमध्ये सुडोसह (रूटच्या अधिकाराने) 'प्रो अटॅच' लिहून पुढे ते टोकन द्यायचं. मग 'प्रो स्टेटस' चालवा: ईएसएम-इन्फ्रा आणि ईएसएम-ॲप्स या दोन्ही ओळींपुढे 'इनेबल्ड' दिसलं पाहिजे. पहिली मेनसाठी, दुसरी युनिव्हर्ससाठी.

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेचे सर्व्हर जोडले, स्टेटसमध्ये सगळं हिरवं दिसलं आणि मी पुढच्या कामाला लागलो. काही दिवसांतच तिथल्या फायरवॉलचे नियम बदलले आणि ईएसएमच्या रिपॉझिटरीची वाट बंद झाली. नेहमीची रिपॉझिटरी मात्र चालू होती. ॲप्टला, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला, एखादी यादी उतरवता आली नाही तर ते इशारा छापतं, जुनी यादी वापरतं आणि काम यशस्वी झालं असं कळवतं. त्यामुळे रात्रीचं स्वयंचलित काम रोज यशस्वी दिसत होतं. सहा आठवडे एकही पॅच आला नाही आणि मला ते दुसऱ्याच कामासाठी लॉग उघडल्यावर कळलं. तेव्हापासून मी यशाच्या खुणेवर विसंबत नाही. रिपॉझिटरीची यादी शेवटची कधी उतरली ती तारीख तपासतो, आणि ती दोन दिवसांहून जुनी झाली की मला ईमेल येतो. प्रॉक्सी असेल तर तो प्रोच्या सेटिंगमध्ये वेगळा द्यावा लागतो हेही ध्यानात ठेवा.

जोडलेल्या मशीनची क्लोन किंवा इमेज बनवू नका. आधी ती विलग करा, इमेज घ्या, आणि प्रत्येक नवीन मशीन स्वतंत्र जोडा. नाहीतर दोन मशीन एकाच ओळखीने वावरतात.

मुदत संपून बरेच महिने गेले असतील तर पहिली अपडेट मोठी असते. त्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची जशीच्या तशी प्रत, घ्या आणि तो परत आणून पाहा. परत न आणलेला बॅकअप हा अजून बॅकअप झालेलाच नसतो. बूट विभागात जागा आहे का ते बघा. जुन्या मशीनवर तो लहान असतो, जुन्या कर्नलनी (लिनक्सच्या गाभ्याच्या आवृत्त्यांनी) भरलेला असतो, आणि नवीन कर्नल अर्धवट बसून अडकतं. अपडेटच्या मध्ये 'सेटिंगची फाइल जुनी ठेवू की नवीन घेऊ' असा प्रश्न आला तर दोन्हींतला फरक पाहूनच उत्तर द्या. सवयीने एंटर दाबू नका. आधी चाचणीच्या मशीनवर, मग कमी महत्त्वाच्या एकदोनवर, दोन दिवस थांबून बाकीच्यांवर.

पॅच डिस्कवर बसला म्हणजे चालू झाला असं नाही. ओपनएसएसएल बदलली तरी आधीपासून चालू असलेला वेबसर्व्हर स्मृतीतली जुनीच वापरत राहतो. डेबियन आणि उबुंटूवर नीडरीस्टार्ट, रेड हॅटच्या कुळात यम-युटिल्समधलं नीड्स-रीस्टार्टिंग, ही साधनं कुठल्या सेवा पुन्हा सुरू करायच्या ते सांगतात. लाइव्हपॅच असेल तर कर्नलमधल्या गंभीर त्रुटी रीबूटशिवाय झाकल्या जातात, पण तो फक्त कर्नलपुरता. ज्या मशीन रीबूट करायची भीती वाटते त्यांचं रीबूट मी मुद्दाम ठरवून करतो, कारण ती भीती असण्याचं कारण तेव्हाच समजतं.

खरंच दुरुस्त झालं का

त्रुटी शोधणारा स्कॅनर चालवला की जुन्या आवृत्तीवर लाल ओळींचा पाऊस पडतो. घाबरू नका, आणि दुर्लक्षही करू नका. बॅकपोर्टमध्ये मूळ आकडा बदलत नाही. २०१४च्या हार्टब्लीड या त्रुटीच्या वेळी ओपनएसएसएलच्या लेखकांनी दुरुस्ती १.०.१जी मध्ये दिली, पण डेबियन ७ने १.०.१ई हाच आकडा ठेवून आत दुरुस्ती केली. नुसता आकडा बघणाऱ्या स्कॅनरला ती मशीन आजारीच दिसते. उपाय असा: डिस्ट्रिब्यूशनने प्रकाशित केलेली ओव्हल नावाची त्रुटींची माहिती स्कॅनरला द्या, म्हणजे तो मूळ आकड्याऐवजी पॅकेजचा पूर्ण आकडा ताडून पाहील. हाताने तपासायचं असेल तर पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) उघडून त्यात त्रुटीचा सीव्हीई, म्हणजे जगभर वापरला जाणारा, क्रमांक शोधा. उबुंटूच्या वाढीव पॅकेजच्या आकड्यात 'ईएसएम' ही अक्षरं असतात; ती दिसली की पॅच सबस्क्रिप्शनमधूनच आला हे नक्की. 'प्रो फिक्स' लिहून पुढे सीव्हीई क्रमांक दिला तर त्या एका त्रुटीबद्दलचं उत्तर थेट मिळतं.

सुरक्षेखेरीजही काही झिजत असतं. ३० सप्टेंबर २०२१ला डीएसटी रूट सीए एक्स३ हे मूळ प्रमाणपत्र संपलं आणि ओपनएसएसएल १.०.२ किंवा त्याहून जुनी असलेल्या मशीनना लेट्स एनक्रिप्ट या संस्थेने वेबसाइटना दिलेली वैध प्रमाणपत्रंही अवैध वाटू लागली. कुणी हल्ला केला नव्हता, तरी जोडण्या तुटल्या. म्हणून प्रमाणपत्रांचं पॅकेज आणि वेळविभागांचं पॅकेज कराराच्या यादीत आहे का ते विचारून ठेवा.

साहाय्य मागताना

'सर्व्हर स्लो आहे, लवकर बघा' असं तिकीट पाठवलं की पहिले दोन दिवस प्रश्नोत्तरांत जातात. त्याऐवजी असं लिहा: मंगळवारी रात्री २ वाजता कर्नल अपडेट झालं, ४ वाजता रीबूट, त्यानंतर डिस्कवर लिहिण्याचा वेग निम्म्यावर आला, जुन्या कर्नलने बूट केलं तर वेग पूर्ववत होतो, एकसारख्या ६ मशीनपैकी फक्त या दोनवर घडतं. शेवटचं वाक्य सोन्यासारखं असतं, त्याने अर्धा तपास झालेला असतो. सोबत एसओएस रिपोर्ट जोडा; हे साधन लॉग, सेटिंग आणि हार्डवेअरची माहिती एका गाठोड्यात बांधून देतं. पाठवण्याआधी ते उघडून बघा. पासवर्ड गाळण्याचा ते प्रयत्न करतं, पण तुमच्या प्रोग्रॅमने स्वतःच लॉगमध्ये लिहिलेलं काही त्याला ओळखता येईलच असं नाही.

गांभीर्याचा दर्जा खरा लावा. चालू काम थांबलं असेल तरच पहिला दर्जा. प्रत्येक तक्रारीला पहिला दर्जा लावणाऱ्यांना खऱ्या संकटात सांगायला वेगळा शब्द उरत नाही. आणि त्या दर्जाच्या तिकिटावर तुमच्याकडूनही कुणीतरी सतत हजर लागतं.

निघण्याची तारीख

सबस्क्रिप्शन घेतलं त्याच दिवशी सोडण्याची तारीख ठरवा आणि ती बजेटमध्ये लिहा. तारीख नसली की दर वर्षी नूतनीकरण होत राहतं आणि उडी लांबत जाते. उबुंटू एका एलटीएसवरून पुढच्याच एलटीएसवर जातं, १६.०४वरून २४.०४ गाठायचं तर मध्ये १८.०४, २०.०४ आणि २२.०४ असे तीन थांबे आहेत, आणि प्रत्येक थांब्यावर चाचणी. डेबियनलाही एकेक पायरीनेच जावं लागतं. रेड हॅट ७वरून लीप हे साधन ८वर नेतं, मग ८वरून ९. त्याची पूर्वतपासणी आजच चालवून पाहा, ती मशीनला हात न लावता अडचणींची यादी देते. दोनपेक्षा जास्त पायऱ्या असतील तर मी नवीन मशीन कोरी उभी करून डेटा हलवणं पसंत करतो. त्यात पूर्वीच्या कुणी हाताने केलेले आणि कुठेही न लिहिलेले बदल उघड होतात.

नवीन मशीन उभी राहिली आणि महिनाभर नीट चालली की जुनीवर 'प्रो डिटॅच' चालवा. बसलेले पॅच निघून जात नाहीत, फक्त पुढचे येणं थांबतं. मग खात्यातल्या यादीतून तिचं नाव गेल्याची खात्री करा, टोकन बदला, आणि जुन्या मशीनचा स्नॅपशॉट ठेवायचाच असेल तर तो नेटवर्कपासून तोडलेला ठेवा. कधीतरी कुणीतरी तो 'फक्त पाच मिनिटं' चालू करतंच.